जेटस्कीच्या तळाचं जेलकोट काम : पावसाळ्यातल्या नोंदी

२ जून

मामेभावाची जेटस्की देवबागहून ट्रॉलीवर घालून मालवणात आणली आणि आमच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या शेडीत, उभी केली. वॉटरस्पोर्ट्स २६ मेपासून बंद आहेत, ३१ ऑगस्टपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. वेळ भरपूर आहे. पण कोकणात हे यंत्र रिकामं सापडतं ते पावसाच्या महिन्यांतच, आणि फायबरच्या कामाला ओलीचं वावडं. यंदाचं निम्मं काम सुकवण्याचंच असणार, हे आधीच गृहीत धरलंय.

यंत्र सी-डू जीटीआय, गोव्याच्या बाजूने सेकंडहँड घेतलेलं. इंजिन ठणठणीत आहे. तळाची मात्र दशा आहे. वाळूवर ओढून ओढून कण्यावरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत रेझिनचा गुळगुळीत थर, घासून गेलाय आणि पुढच्या नाळेखाली जांभ्यावर आपटल्याची खोक आहे.

पहिलं काम मटेरियल ओळखायचं. सगळ्याच जेटस्क्यांवर जेलकोट नसतो. यामाहाच्या बऱ्याच वेव्हरनरची बॉडी एसएमसीची असते, म्हणजे काचतंतू घातलेली रेझिनची शीट गरम साच्यात दाबून केलेली, आणि वर पेंट. २०१४ च्या सीझनला आलेली सी-डू स्पार्क तर पॉलिप्रॉपिलीनची. तिला पॉलिस्टर रेझिन कितीही लावा, धरतच नाही. म्हणून डबा उघडण्याआधी रबरी बंपरखाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, ४०० नंबरचा वॉटर पेपर मारून बघितला. पाण्यात उतरलेला गाळ बॉडीच्याच रंगाचा आणि खोलवर तोच रंग. पेंट असता तर खाली प्रायमरचा वेगळ्या रंगाचा थर उघडा पडला असता. जेलकोटच आहे.

पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, मागची दोन्ही ड्रेन प्लग उघडली. यंत्राचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, त्यामुळे पालथं घालायच्या भानगडीत पडलो नाही. आडवं ठेवलं तर इंजिनातलं ऑइल भलतीकडे जातं, तो वेगळाच ताप. चेन पुलीने उचलून जाड ओंडक्यांवर बसवलं, मध्ये जुन्या गालिच्याचे तुकडे. काम खाली निजून, वर हात करून करायचं.

४ जून

आधी धुणं. गोड्या पाण्याने, साबणाने, पुन्हा गोड्या पाण्याने. मग मेण काढायचं. हा टप्पा लोक गाळतात. पॉलिश पेपर मारण्याआधी जुनं वॅक्स काढलं नाही तर पेपर ते ओरखड्यांच्या आत दाबतो आणि पुढचा थर तिथून सुटतो. एका हातात अ‍ॅसिटोनचा बोळा, दुसऱ्या हातात कोरडं कापड. ओल्याने पुसलं की लगेच कोरड्याने उचलायचं, नाहीतर मेण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतं, एवढंच. बनियनचं पांढरं जुनं कापड बरं. रंगीत कापडाचा रंग अ‍ॅसिटोनमध्ये उतरतो.

मग दोष शोधायचे. बारीक तडे नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. निळी शाई कापसाने फासली आणि ओल्या कापडाने पुसली. सपाट जागेवरून शाई निघून गेली, तड्यांत राहिली. उजव्या स्पॉन्सनच्या, म्हणजे बॉडीच्या बाजूला बसवलेल्या पंखासारख्या पट्टीच्या, बोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यागत तडे उठले. नाळेच्या डाव्या अंगाला एक एकटा लांब तडा. तळाच्या मध्यभागी, कण्याच्या उजवीकडे तळहातापेक्षा मोठा एक चौकोनी पट्टा असा निघाला की तिथे शाई बसतच नव्हती. जेलकोटपेक्षा गुळगुळीत, रंगही किंचित वेगळा. वर पेंट आहे, म्हणजे जुनी दुरुस्ती.

नाण्याने ठोकून बघितलं. बाकी बॉडी टणटण वाजते, त्या पट्ट्यावर आवाज बद्द. खडूने कडा आखून ठेवल्या. बद्द आवाजाची हद्द पेंटच्या हद्दीपेक्षा दोन बोटं बाहेर गेली.

राइड प्लेट, म्हणजे तळाच्या मागच्या टोकाची सपाट प्लेट, काढायचा मोह टाळला. या मॉडेलमध्ये ती नुसती पट्टी नसते. इंजिनचं कूलंट तिच्यातूनच फिरून थंड होतं. ती काढायची तर कूलंट उतरवा, पुन्हा भरा, हवा काढा. तिच्या कडेपर्यंत मास्किंग टेप लावणं परवडलं.

८ जून

मृग लागला आणि पाऊसही. मांगराचं दार लावून जुना पट्टा उघडला.

चार इंची ग्राइंडरला ४० नंबरची सॅंडिंग डिस्क लावली. पेंट गेला आणि खाली राखाडी पुट्टी. गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती. गाडीच्या दरवाजावर ठीक आहे, पण या पुट्टीत टाल्क असतं आणि ती पाणी पिते. पाण्याखाली राहणाऱ्या तळावर ती लावणं म्हणजे आत पाण्याची टाकी बसवणं. डिस्कखाली धूळ उडायला हवी होती, तिथे चिकट लगदा निघत होता. तासणीने ढकलल्यावर ढलपाच्या ढलपा सुटला आणि त्यामागून तपकिरी पाणी ओघळलं, आंबूस वासाचं. खालची मॅट, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेला काचतंतूंचा थर, पांढरी पडलेली, रेझिन सुटून तंतू मोकळे. तंतू नखाने उचलता येत होते.

विकणाऱ्याने यंत्र चकचकीत करून दिलं होतं. मामेभाऊ म्हणाला, "तेव्हा तळाखाली निजून कोण बघतं?" पुढच्या वेळी बघ म्हटलं. निजायचं, आणि खिशात नाणं ठेवायचं.

सुटलेला भाग सगळा काढला. बॉडी आरपार गेली नाही, आतून दोनेक मिलिमीटर शाबूत थर राहिला. मूळ जाडी चार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे भरायचे दोन मिलिमीटर. कड सरळ ठेवून उपयोग नाही. जितकी खोली त्याच्या बारा पट उतार द्यायचा, असा फायबरवाल्यांचा जुना हिशेब आहे. दोन मिलिमीटर खोलीला चोवीस मिलिमीटर उतार, सगळ्या बाजूंनी. खड्डा बशीसारखा पसरट झाला. बघणाऱ्याला वाटतं दुखणं वाढवून ठेवलं. पण नवा थर जुन्याला धरतो तो या उतारावरच, कारण जुनं रेझिन पूर्ण बसलेलं असतं, नव्याशी रासायनिक सांधा होत नाही. धरायला फक्त खरबरीत पृष्ठभाग असतो.

काचेच्या धुळीची खाज कोरड्याने पुसल्यावर वाढते. आधी थंड पाण्याचा लोट, मग साबण. गरम पाणी नको.

१५ जून

आठवडाभर फक्त धुणं चाललंय. सुकवायचं असताना धुतोय म्हणून घरात चेष्टा झाली. पण उघड्या मॅटमध्ये खारं पाणी मुरलंय. पाणी उडून गेलं तरी मीठ तिथेच राहतं, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीला सुटतं तसं पाणी त्या जागेला पुन्हा सुटणार. म्हणून आधी गोड्या पाण्याने मीठ काढायचं. सकाळ-संध्याकाळ ओलं कापड लावून ठेवायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. आज लावलेलं पाणी जिभेला खारट लागलं नाही. (रेझिनच्या वासाच्या जागी जीभ लावू नये हे खरंच. पाणी फडक्यातून बोटावर घेतलं होतं.)

आजपासून सुकवणं. ताडपत्री आणि जाड प्लास्टिक लावून यंत्राभोवती खोली केली. मुंबईला बहिणीकडे पडून असलेलं आर्द्रता शोषणारं मशीन आणलं, ते आत. सोबत दोन जुने पिवळे बल्ब, तळापासून हातभर लांब.

बल्बांबद्दल थोडं, कारण आमच्याकडे सगळे नुसते बल्ब लावतात आणि सुकलं म्हणतात. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. तीच हवा ३४ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास दिसते. काटा खाली आला म्हणून माणूस खूश होतो, पण हवेत पाणी तेवढंच असतं आणि दवबिंदूही तोच. बल्बांचा फायदा एवढाच की बॉडीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा सात-आठ अंश वर राहतो, त्यावर ओल धरत नाही. रंगकामात किमान तीन अंशांचं अंतर लागतं, ते मिळालं. पण मॅटच्या आतली ओल बाहेर काढायची तर हवेतलं पाणी उचलणारं काहीतरी हवं. मशीनच्या टाकीत रोज सकाळी पाणी साठलेलं असतं. सुरुवातीला मांगराच्या जमिनीचंच पाणी येत होतं. जमिनीवर प्लास्टिक अंथरल्यावर ते कमी झालं.

लाइट जाते तेव्हा सगळं जिथल्या तिथे.

२८ जून

फायबरच्या होड्या करणारे मिस्त्री बघायला आले. आयुष्य होड्यांत गेलेलं. यंत्राभोवती एक फेरी मारली, खाली वाकले, खड्ड्यात हात फिरवला.

"पठाण फुटलो नाय मां?"

नाही म्हटलं, कणा शाबूत आहे.

"मगे इतक्या कित्याक? होडयेक दोन दिवसांत करून देतंय."

त्यांचंही खरं आहे. मासेमारीच्या होडीची जाडी या यंत्राच्या कितीतरी पट असते, वेग कमी असतो, आणि थोडं पाणी आत आलं तर उपसता येतं. जेटस्की लाटेवरून उडून तळावर आपटते, तेही पातळ तळावर. त्यांना ताडपत्रीच्या आत नेलं. मशीनच्या टाकीतलं पाणी दाखवलं. ते बघून गप्प झाले आणि म्हणाले, "ह्या बरा आसा. आमच्या शेडीत होया."

रेझिनवरून मात्र वाद झाला. त्यांचा भरवसा साध्या जनरल पर्पज पॉलिस्टर रेझिनवर. स्वस्त, कुठेही मिळतं, सवयीचं. एपॉक्सी लाव असं मला मुंबईचे मित्र सांगतात. एपॉक्सी जुन्या थराला घट्ट धरते यात शंका नाही. पण वर मला पॉलिस्टरचा जेलकोट द्यायचाय. एपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारं रसायन, अमाइनचा असतो, त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला तर जेलकोट तिथे बसत नाही, चिकट राहतो. काळजीपूर्वक केलं तर जमतं म्हणतात, पण या हवेत तो डाव नको. शिवाय चॉप मॅटचे तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये, म्हणजे ते पातळ ठेवणाऱ्या द्रवात, विरघळतो, म्हणून पॉलिस्टरमध्ये मॅट नरम होऊन वळणावर बसते. एपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट ताठ राहते. मी व्हिनिल एस्टर हे तिसरंच रेझिन ठरवलं. पाण्याला साध्या पॉलिस्टरपेक्षा चिवट, जुन्या थराला धरायला चांगलं, आणि वर जेलकोट बिनबोभाट बसतो. महाग आहे, पण लागणार किती, अर्धा किलोसुद्धा नाही.

मिस्त्री जाताना मॅटचा तुकडा बोटांत चोळून बघून म्हणाले, मॅटसुद्धा बल्बाखाली ठेव. बरोबर. गुंडाळी आजपासून आतल्या खोलीत.

५ जुलै

प्लास्टिकची परीक्षा. खड्ड्यावर वीतभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवलं. सकाळी आतून कोरडं. मागच्या आठवड्यात याच प्लास्टिकवर धुकं धरत होतं. आणखी काही दिवस मशीन चालू ठेवणार. घाई कसलीच नाही.

तोवर स्पॉन्सनचे तडे. जाळ्यासारखे तडे म्हणजे जेलकोटचा आजार नव्हे, ते दुखणं खालचं असतं. बॉडी वाकते, जेलकोट तिच्यापेक्षा ठिसूळ, म्हणून तो फुटतो. नुसता वरून जेलकोट चोपडला तर पुढच्या सीझनला त्याच जागी तेच तडे. स्पॉन्सन उतरवला तेव्हा कारण दिसलं. दोन बोल्ट इतके करकचून पिळलेले की वॉशरचा ठसा फायबरमध्ये उतरलाय. आतून हात घालून चाचपलं, मॅट शाबूत आहे, पण पातळ वाटते. बिल्जच्या, म्हणजे बॉडीच्या आतल्या तळाच्या, बाजूने ऑइल-ग्रीस धुऊन, खरवडून, तिथे मॅटचा एक जास्तीचा थर द्यायचा.

बाहेरून स्पॉन्सनजवळचा प्रत्येक तडा उघडला. जुन्या हॅकसॉ ब्लेडचं टोक ग्राइंडरवर आकड्यासारखं घासून घेतलं आणि तड्यावरून ओढत गेलो. व्ही आकाराची चर व्हायला हवी, तळाशी मॅट दिसेपर्यंत. बारीक तड्यात जेलकोट शिरतच नाही, तो वरून पूल बांधतो.

१२ जुलै

तरणा पाऊस जोरात आहे. आत ताडपत्रीखाली काटा ५५ टक्क्यांवर. आज मॅट.

बल्ब काढले. हे ठळक लिहून ठेवतो. स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट ३१ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या साध्या दुपारच्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. बंदिस्त प्लास्टिकच्या खोलीत रेझिन आणि तापलेला बल्ब एकत्र नको. बल्ब बाहेर, मशीन बंद, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक वर, मांगराची खिडकी उघडी. तापलेल्या बॉडीची ऊब तासभर पुरते.

मापं : ३०० ग्रॅम रेझिन, हार्डनर दीड टक्का, म्हणजे साडेचार ग्रॅम, साधारण ४ मिली. औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज. बाटलीच्या टोपणाने अंदाजे ओतणारे बरेच बघितलेत. एवढ्या थोड्या मालात एक मिली इकडचं तिकडे म्हणजे गणितच बदलतं. गरम हवेत लवकर बसतं म्हणून हार्डनर एक टक्क्याच्या खाली आणणारेही आहेत. ते मला पटत नाही. रेझिन उशिरा का होईना घट्ट दिसतं, पण पुरतं बसत नाही, कायम नरम राहतं. माल थोडा थोडा कालवावा, हे बरं.

आणखी एक. आपल्याकडे कोबाल्ट (रेझिन लवकर बसवणारं) आणि हार्डनर सुट्या बाटल्यांत मिळतात. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पुरतं ढवळायचं, मग हार्डनर. त्यासाठी काड्यासुद्धा वेगळ्या. माझं रेझिन कोबाल्ट घालूनच आलेलं होतं, तरी बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल घालून, आणि पाण्याची बादली हाताशी.

व्हिनिल एस्टरला हार्डनर घातल्यावर फेस येतो. तो बसेपर्यंत थांबलो, नाहीतर ते बुडबुडे मॅटमध्ये जातात.

चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे दोन तुकडे आणि वर ३०० चा एक. तुकडे कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडले. फाटलेली कड विरळ असते, ती उतारावर विरून जाते. मोठा तुकडा आधी की छोटा, यावरही मिस्त्रींशी जुना वाद. ते छोटा आधी लावून खड्डा भरत आणतात. मी मोठा आधी लावतो, पूर्ण उताराला एकसंध थर धरतो, आणि नंतर घासताना वरचे छोटे थर घासले गेले तरी हा बंध अखंड राहतो.

डोक्यावर काम असल्यामुळे मॅट आधी प्लास्टिकवर ठेवून रेझिनने भिजवली. पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते, कोरडा ठिपका राहिला तर पांढरा दिसतो. मग प्लास्टिकसकट उचलून खड्ड्यावर दाबली, स्टीलच्या रोलरने मधून कडेकडे हवा काढली आणि प्लास्टिक सोललं. एक कोपरा लोंबत होता, तो बोटाने धरून बसलो, रेझिन जेल होईपर्यंत. मामेभावाने बाहेरून विचारलं, "झालं काय?" बोलायला तोंड मोकळं होतं, हात नव्हता.

आतून स्पॉन्सनच्या जागी एक थर, तोही आजच.

१४ जुलै

टणटण वाजतंय.

घासलं. ८० नंबर, लाकडी ठोकळ्यावर. बॉडीच्या पातळीला आणून थांबायचं नाही, अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली जायचं, कारण तेवढी जागा जेलकोटला हवी. कारखान्यातला जेलकोट साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. जागा ठेवली नाही तर नंतर सपाट करताना नवा जेलकोटच घासून निघतो आणि मॅट पुन्हा उघडी. जुन्या प्लास्टिक पट्टीचा तुकडा वळणावर धरून खालून बॅटरीचा उजेड सोडला. फट एकसारखी दिसेपर्यंत घासत राहिलो.

बारीक खळगे व्हिनिल एस्टरमध्ये एरोसिल (सिलिकाची बारीक पूड) कालवून भरले. टाल्कची पुट्टी या तळाच्या जवळपासही नको.

२० जुलै

रंग. म्हाताऱ्या पावसाच्या पहिल्या दिवशी रंग जुळवायला बसलो, यात शहाणपण नाही. ढगाळ उजेडात सगळेच पांढरे सारखे दिसतात.

तळ पांढरा म्हणायचा, पण तो पांढरा राहिलेला नाही. उन्हाने जेलकोट पिवळसर आणि खडूसारखा होतो. म्हणून आधी दुरुस्तीशेजारची वीतभर जागा १००० आणि १५०० नंबरने घासून कंपाउंडने चमकवली. जुळवायचं ते या रंगाशी, वरच्या मळकट थराशी नव्हे.

पांढरा जेलकोट कपात घेतला. पिवळ्या ऑक्साइडची पेस्ट टूथपिकच्या टोकाने. काळा त्याहून कमी, टूथपिक पुसून जे उरतं तेवढाच. काळा लगेच अंगावर येतो आणि मग मागे फिरता येत नाही, पांढरा ओतत राहावं लागतं. ढवळलं, ठिपका थेट बॉडीवर लावला, वर पारदर्शक टेप दाबला. ओला ठिपका जरा वेगळा दिसतो, बसल्यावर छटा सरकते, म्हणून हार्डनर घालूनच ठिपके द्यावे लागतात. प्रत्येक ठिपक्याशेजारी पेन्सिलने प्रमाण लिहिलं. दुपारी घटकाभर ऊन पडलं तेव्हा दार उघडून सगळे ठिपके बघितले. मांगरातल्या ट्यूबलाइटखाली जो हुबेहूब वाटत होता तो उन्हात निळसर निघाला. त्याच्या बाजूचा, जरा मळकट वाटणारा, तो बरोबर.

मामेभाऊ म्हणाला, तळाला कोण बघणार, कुठलाही पांढरा चालेल. पाण्याखालच्या भागाबद्दल तो बरोबर आहे आणि मीही तळासाठी एवढा जीव काढला नसता. पण स्पॉन्सनची जागा ट्रॉलीवर उभ्या यंत्राकडे येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतं, तीही याच कपातल्या रंगाची. एकदाच जुळवायचं.

२६ जुलै

पावसाला उघडीप. बाहेर आर्द्रता कमीच, आतला काटा पन्नाशीत. अ‍ॅसिटोनने पुसलं, पूर्ण उडून जाऊ दिलं. अ‍ॅसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि या हवेत त्यावर ओल धरते, म्हणून पुसल्यावर पुन्हा थोडा वेळ ऊब दिली, मग बल्ब बाहेर.

जेलकोटला हवा लागली की त्याची वरची त्वचा बसत नाही, चिकट राहते. हवेतला ऑक्सिजन आड येतो. साच्यात बनवताना जेलकोट साच्याला चिकटलेला असतो, हवा लागतच नाही. दुरुस्तीत दोन उपाय : शेवटच्या थरात स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅराफिन घालायचं, ते वर तरंगून हवा अडवतं, किंवा वरून फिल्म दाबायची. पॅराफिन फक्त शेवटच्या थरात. मधल्या थरात घातलं तर पुढचा थर मेणावर बसतो. मधला थर चिकटच राहायला हवा, तोच पुढच्याला धरतो.

मोठ्या पट्ट्याला ब्रशने पातळ थर, जेल झाल्यावर आडवा दुसरा, मग पॅराफिनवाला तिसरा. वीस बाय बारा सेंटिमीटरच्या जागेला पाऊण मिलिमीटरपर्यंत थर द्यायला वीस-बावीस ग्रॅम माल पुरतो. ब्रशवर आणि कपात वाया जाईल तो धरून दुप्पट कालवला.

तड्यांच्या चरींना मात्र फिल्मच. झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टरसाठी मिळायची ती पारदर्शक शीट. स्वयंपाकघरातलं ताणायचं प्लास्टिक स्टायरीनमध्ये चुरगळतं, ही शीट नाही. चर किंचित उंच भरायची, एका कडेने शीट टेकवत न्यायची, मागून प्लास्टिकच्या पट्टीने हलका हात. हवा पुढे पळते. सोलल्यावर काचेसारखी सपाट जागा मिळते आणि घासायचं काम निम्मं होतं.

मिस्त्री संध्याकाळी येऊन नख लावून गेले. नख उमटलं नाही. काही बोलले नाहीत, चहा घेतला.

४ ऑगस्ट

घासणं. ३२० पासून, ओलं, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. ४००, ६००, ८००, १०००, १५००. प्रत्येक नंबरआधी पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारल्या. रेघा गेल्या म्हणजे ती जागा झाली. नंबर बदलताना पाणी बदललं, फडकं बदललं, नाहीतर जाड पेपरचा एक कण पुढच्या कामात ओरखडा काढतो. ठोकळ्याशिवाय हात लावायचा नाही. बोटांचा दाब खळगे पाडतो, आणि ते खळगे चमक आल्यावरच दिसतात.

बाकीच्या जुन्या तळाला ३२० चा हात लावला नाही. तिथे आधीच वाळूने काम केलंय, किती जेलकोट उरलाय सांगता येत नाही. ८०० पासून सुरुवात, आणि कण्याच्या धारेवर टेप लावून तिला सोडून. धारेवर जेलकोट सगळ्यात पातळ असतो आणि पेपर सगळ्यात आधी तिथेच चावतो.

बफिंग आजच करायचं होतं, थांबवलं. पॉलिस्टर बसल्यानंतरही बरेच दिवस आकसत राहतं. आज आरसा केला तर पुढच्या महिन्यात मॅटची नक्षी वर उमटलेली दिसते.

१६ ऑगस्ट

दुरुस्तीच्या कडेवर तिरका उजेड टाकला. मॅटची नक्षी नाही, कड बोटाला लागत नाही. पट्टा कुठे आहे ते उन्हात शोधावं लागतं, आणि शोधला तर दिसतो. एवढं चालेल.

कंपाउंड, लोकरी पॅड, कमी फेऱ्यांवर. एका जागी मशीन धरायचं नाही, जेलकोट तापला की पिवळा पडतो. मग बारीक पॉलिश, मग मेण. तळाला मेण कशाला असं सगळे विचारतात. चमकेसाठी नव्हे, ऊन आणि मीठ अडवण्यासाठी. ट्रॉलीवर उभ्या यंत्राच्या बाजूंना उन्हाचाच मारा जास्त.

स्पॉन्सन बसवला. बोल्टांखाली मोठे वॉशर, पॉलियुरेथेन सीलंट, आणि पाना हातात न घेता टॉर्क रेंच. मामेभावाकडून कबूल करून घेतलं, यापुढे हे बोल्ट स्टॉलवरच्या पोरांनी पिळायचे नाहीत.

बिल्ज पुसून त्यात कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला, ड्रेन प्लग लावली आणि तळावर होजने पाणी सोडून ठेवलं. कागद कोरडा. खरी परीक्षा सप्टेंबरात, कर्ली नदीच्या तोंडाशी लाटेवर आपटल्यावर.

राहिलेलं : नोंदणी क्रमांकाची अक्षरं नव्याने चिकटवायची. ट्रॉलीच्या रोलरवरचा फाटका गालिचा बदलायचा, नाहीतर केलेलं काम पहिल्याच दिवशी घासलं जाईल. आणि नाळेच्या डाव्या अंगाचा तो एकटा तडा मुद्दाम उघडलेला नाही. ठोकून आवाज स्वच्छ येतो, आतून मॅट घट्ट आहे. त्याच्या दोन्ही टोकांना बारीक खूण करून आजची तारीख घातली आहे. दिवाळीच्या गर्दीनंतर तो खुणेच्या पलीकडे गेलेला दिसला तर उघडायचा, नाहीतर तसाच ठेवायचा.